आत्याबाई कादंबरी लावतात

मराठीत आजवर जेवढ्या ऐतिहासिक कादंबऱ्या निघाल्या, त्यांतली एकही नायिका आमच्या आत्याबाईंच्या तावडीतून उपाशी सुटलेली नाही. लेखकानं तिला शोकात बुडवलेली असो, कैदेत टाकलेली असो की स्वारीच्या वाटेकडे डोळे लावून सज्ज्यात उभी केलेली असो, आत्याबाई आधी तिला पाटावर बसवतात, पोटभर जेवू घालतात आणि मगच कथानकाला पुढे जाऊ देतात. “अगं, तीनशे पानं झाली, ही बाई जेवते कव्हा?” हा त्यांचा साहित्यविषयक पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, “आणि भांडी कोण घासतं?” या दोन प्रश्नांपुढे टिकून राहिलेली कादंबरी माझ्या तरी पाहण्यात नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. जन्म हैदराबादच्या जामबागेतला, शाळा-कॉलेज तिथलंच, आणि नोकरीही तिथल्याच एका मुलींच्या शाळेत गणित शिकवण्याची. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर “वेळ नव्हता” म्हणतात, आणि असं म्हणताना त्यांच्या हातात हमखास एक जाडजूड कादंबरी असते. निवृत्तीनंतर त्या हिमायतनगरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्या आणि तिथून त्यांनी मराठी साहित्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. मी पुण्याची. लग्न होऊन आणि नोकरीची बदली मागून अशा दोन्ही कारणांनी हैदराबादेत आले. पुस्तक वाचून त्यावर मत देणं ही आपल्या शहराची मक्तेदारी आहे, असा माझा गोड समज होता. तो पहिल्याच भेटीत आत्याबाईंनी खट्टी दाल वाढता वाढता दूर केला. मी नुकत्याच वाचलेल्या एका गाजलेल्या कादंबरीचं कौतुक करत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्यात राजा मोहिमेवर जातो तेव्हा राणीला सहावा महिना. राजा येतो दोन दिवाळ्या करून, आणि आल्यावर बारसं. तोवर बाळ पोटात काय करून राहिलं होतं? अभ्यास?” मी ती कादंबरी दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा रडले होते.

कादंबरीकडे गणिताच्या बाईनं बघितलं की असं होतं. आत्याबाईंचं म्हणणं, लेखकाला काही सुचेनासं झालं की तो बाईला सज्ज्यात उभी करतो. मग सूर्यास्त होतो, वारा सुटतो, केसांची एक बट उडते, आणि प्रकरण संपतं. “घरात चारशे माणूस जेवणारं, आणि ही सज्ज्यात! हिला कोठीघर नाही?” मुखपृष्ठांवरही त्यांचा राग. प्रत्येकावर एक पाठमोरी बाई, नऊवारी, अंबाडा, समोर किल्ला. “ह्या साऱ्याजणी पाठ करून कामून उभ्या? आपलं पुस्तक ह्यांना बघवत नाही की काय?” एका लेखकाच्या नायिकेचा पदर लढाईतसुद्धा ढळत असे. त्याच्यावर तर त्यांचा खास लोभ होता. “घोड्यावरची बाई, कासोटा मारलेला, पदर कमरेला खोचलेला. ढळतो कसा? ह्यानं आधी स्वतः नेसून बघावं.” एका संताच्या बायकोवरची कादंबरी वाचून त्या आठवडाभर अस्वस्थ होत्या. त्यात संताला साक्षात्कार होतो ती चाळीस पानं फार सुंदर आहेत, असं मी भीत भीत म्हटलं. “हौ, त्याला देव भेटला,” आत्याबाई म्हणाल्या, “त्या दिवशी हिला जळण कुठं भेटलं, ते लिही की!” आणि ‘स्त्री म्हणजे’ असं ज्या वाक्याची सुरुवात होते, त्या वाक्याला त्या पानच उलटतात. स्त्री म्हणजे नदी, स्त्री म्हणजे पृथ्वी, स्त्री म्हणजे समई. पुरुष म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही, ही त्यांची जुनी तक्रार आहे.

पुस्तकांना त्या कव्हर घालतात ते सोनाराच्या दुकानातून मिळालेल्या तेलुगू कॅलेंडरचं. कागद जाड असतो, चित्र लक्ष्मीचं असतं. एकदा त्या गॅलरीत बसून एका कलावंतिणीच्या आयुष्यावरची कादंबरी वाचत होत्या. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू अम्मा कढीपत्ता मागायला आल्या, त्यांनी लक्ष्मी पाहिली, लगबगीनं चपला काढल्या, पुस्तक दोन्ही डोळ्यांना लावलं आणि मनोभावे नमस्कार केला. कादंबरीत त्या वेळी एक जहागीरदार शिडीवरून माडीवर चढत होता. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. अम्मा गेल्यावर आत्याबाईंना म्हटलं, “अहो, त्यांना खरं सांगायचं तरी!” त्या म्हणाल्या, “नक्को. त्या कलावंतिणीला जन्मात कुणी नमस्कार केला नव्हता. झाला तर झाला.” मग चष्मा पुसून त्या पुन्हा जहागीरदाराच्या शिडीपाशी गेल्या.

आत्याबाईंच्या घरी दर गुरुवारी दुपारी भजनीमंडळ जमतं. भजन हे मूळचं कारण. चातुर्मासात पोथी लावायची, दर खेपेला एक अध्याय, शेवटी आरती, प्रसाद, ही आपल्याकडची जुनी रीत. पण मंडळातल्या बहुतेकींचं शिक्षण तेलुगूत नाहीतर इंग्रजीत झालेलं. मराठी बोलतात फडाफडा, वाचताना मात्र ठेच लागते. त्यामुळे वाचायचं काम आत्याबाईंकडे. एका चातुर्मासात त्यांनी जाहीर केलं, “पोथीतल्या बायकांनी उपास केले, नवस केले, नवरे परत मिळाले. पाठ झालं सारं. यंदा कादंबरी लावू.” आणि लावली! चौरंगावर कॅलेंडरची लक्ष्मी पांघरलेली कादंबरी, तिला हळदीकुंकू, शेजारी निरांजन. प्रकरणाला त्या अध्यायच म्हणत. भजन हळूहळू आखडत दोन अभंगांवर आलं आणि अध्याय लांबत दिवेलागणीला भिडला. समाप्तीला नारळ फुटे, शिरा होई. ग्रंथालयात परत गेलेल्या पुस्तकांना कापराचा वास आणि पानापानांवर कुंकवाची बोटं. तिथले गृहस्थ एकदा कळवळून म्हणाले, “आत्याबाई, हे राज्यक्रांतीवरचं पुस्तक आहे हो, याला अक्षता कशाला?”

मी गुरुवारी घरून काम करत असे, म्हणजे आत्याबाईंच्या आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून, आवाज बंद करून, कान बाहेर लावून बसत असे. एका वर्षी लावलेली कादंबरी मी वाचलेली होती. एका लहानशा संस्थानाच्या राणीची गोष्ट. नवरा तरुणपणी जातो, सासू छळते, दिवाण फितूर होतो, आणि बाई सहाशे पानं सोसते. तर एका गुरुवारी बाहेरून राणीचा आवाज आला, “नक्को! मी कोठीच्या चाव्या मागणार नाही!” मी चमकले. पुस्तकातली राणी अत्यंत संस्कृतप्रचुर बोलते. ती ‘नक्को’ म्हणणं शक्य नव्हतं. मी दाराआडून पाहिलं. आत्याबाईंच्या समोर पुस्तक उघडं होतं, अधूनमधून त्या पान उलटत होत्या, पण नजर पानावर नव्हतीच. ती समोरच्या बायकांच्या तोंडावरून फिरत होती. पुस्तकात ज्या जागी राणी देवघरात जाऊन अश्रू ढाळते, त्या जागी आत्याबाईंची राणी लोणच्याच्या कोठीचं कुलूप दगडानं फोडत होती, आणि बायका खूश होऊन एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. साऱ्याजणी समजत होत्या की आत्याबाई वाचतायत.

त्या बायकांत दिलसुखनगरच्या एक वहिनी येत. नवरा अचानक गेलेला, मुलगा परगावी नोकरीला, घरात त्या एकट्या. शेजारणीनं जवळजवळ ओढतच त्यांना गुरुवारी आणलं होतं. भिंतीला टेकून बसत. टाळ हातात दिला तर धरून ठेवत, वाजवत नसत. प्रसादाचा शिरा पदराखाली झाकून घरी नेत आणि माझी खात्री आहे की तिथं तो कुणाला तरी देऊन टाकत. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी मला आत येऊन सांगितलं, “ती जेवत नाही.” कादंबरीतली बाई नव्हे, खरी बाई जेवत नाही, हा त्यांच्या आयुष्यातला नवा प्रसंग होता.

शेवटच्या अध्यायाच्या दिवशी मी काम बाजूला ठेवून बाहेर येऊन बसले. कारण मला शेवट माहीत होता. पुस्तकात राणी पहाटे नदीवर जाते आणि पाण्यात चालत राहते. सूर्योदय, पाच पानं, समाप्त. आत्याबाईंनी राणीला नदीवर नेलं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. दिलसुखनगरच्या वहिनी भिंत सोडून पुढे सरकल्या होत्या. आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, एक पान उलटलं आणि म्हणाल्या, “राणीनं डोक्यावरून तीन बुड्या मारल्या. केस पिळले. वाड्यावर आली ओलेत्यानं, आणि सासूसमोर उभी राहून म्हणाली, जेवायला वाढा!” बायकांनी टाळ्या वाजवल्या. नारळ फुटला. त्या दिवशी वहिनींनी शिरा तिथंच बसून खाल्ला, आणि पुन्हा मागून घेतला. सगळं पांगल्यावर मी म्हटलं, “आत्याबाई, राणी बुडते हो त्यात.” त्या निरांजनाची वात सारखी करत होत्या. “त्याच्या पुस्तकात बुडू दे. माझ्या घरी कुणी बुडायचं नाही.”

हे सगळं असंच सुखानं चाललं असतं. पण त्या लेखकमहाशयांनाच हैदराबादला यायची बुद्धी झाली. जामबागेतल्या एका शाळेच्या सभागृहात त्यांचा ‘वाचकांशी संवाद’ ठेवला होता. भजनीमंडळ झाडून सारं हजर. पोथी रचणारा कवी प्रत्यक्ष बघायला मिळणार म्हटल्यावर कोण घरी बसेल? काहीजणी तर ओटीचं सामान घेऊन आल्या होत्या, ओटी कुणाची भरायची याचा विचार न करता. आत्याबाई मात्र शेवटच्या रांगेत, खांबाआड बसल्या. मी म्हटलं, “डोकं दुखतंय म्हणून घरी जाऊ या का?” त्या म्हणाल्या, “चूप बस.”

भाषण झालं. प्रश्नांना सुरुवात झाली. मंडळातल्या एकीनं विचारलं, “तुमची राणी आमच्यासारखंच नक्को म्हणते. तुम्ही इकडं राहिला होता का?” लेखक क्षणभर गोंधळले, मग शाल सावरून म्हणाले, “भाषेवर मी फार मेहनत घेतो.” दुसरी उठली, “ती लोणच्याच्या कोठीचं कुलूप फोडते, ते तर काय मस्त जमलंय हो!” लेखकांनी डोळे मिटले. “तो प्रसंग लिहिताना,” ते म्हणाले, “मी अनेक रात्री झोपलो नव्हतो.” मी हसू आवरायला रुमाल चावत होते. माणूस न लिहिलेल्या प्रसंगासाठीसुद्धा जागरण करू शकतो, हे मला नवीन होतं. खांबाआडून आत्याबाई पुटपुटल्या, “झोपायचं होतं की. मी लिहिला तो.”

आणि मग दिलसुखनगरच्या वहिनी उभ्या राहिल्या. चारचौघांत त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. त्यांनी हात जोडले. “साहेब, राणी नदीवरून परत येते, जेवायला वाढा म्हणते. ते तुम्ही लई चांगलं केलं. लई उपकार झाले तुमचे.” या खेपेला लेखकांना खोटं बोलवेना. आपल्या कादंबरीचा कळस तरी माणसाच्या ध्यानात राहतोच. ते फार सौम्यपणे हसले आणि म्हणाले, “नाही बाई, राणी परत येत नाही. ती नदीतच देह ठेवते. तोच तर सगळ्या कथेचा अर्थ आहे.”

सभागृहात एकेक मान वळू लागली, आणि सगळ्या माना खांबाकडे येऊन थांबल्या. ज्या आत्याबाईंनी शाळेच्या तपासनिसाला भूमितीत अडकवून परत पाठवलं होतं, त्या स्वतःच्या चपलांकडे बघत बसल्या होत्या. वहिनी जोडलेले हात तसेच धरून खाली बसल्या. घरी परतताना आत्याबाई ऑटोवाल्याशीसुद्धा भांडल्या नाहीत. तेव्हाच मला कळलं की त्यांना जबर लागलंय.

त्यानंतरच्या गुरुवारी चौरंगावर खरी पोथी आली. आत्याबाईंनी ती अक्षर न अक्षर वाचली, डोळे पानावरून न उचलता. भजन पूर्ण झालं, सगळे अभंग, सगळ्या आरत्या. देवालासुद्धा एवढ्या भजनाची सवय उरली नव्हती. बायकांनी समजूत घातली, “झालं ते झालं आत्याबाई, कादंबरी लावा की.” त्या म्हणाल्या, “मी खोटं वाचणारी बाई. माझ्या तोंडून नक्को.” मग एकीच्या सुनेनं मोबाइलवर कादंबऱ्या वाचून दाखवतात ते लावून दिलं. आवाज गोड, उच्चार शुद्ध, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आत्याबाईंनी लक्ष देऊन ऐकलं आणि मला हळूच म्हणाल्या, “वाचते बरोबर. पण समोर कोण बसलंय, ते ही बघत नाही.” दिलसुखनगरच्या वहिनी मात्र येईनाशा झाल्या. त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं, आणि दाराची घंटा वाजली की आत्याबाई वाचता वाचता थांबत. मला त्या पोथीचा, त्या मोबाइलचा आणि त्या शालवाल्या गृहस्थाचा सारखाच राग येत होता. कादंबऱ्या पुष्कळ मिळतील, पण ही म्हातारी गप्प झाली तर आपण काय ऐकायचं, या विचारानं मी खरोखर घाबरले होते.

पुढच्या चातुर्मासाच्या तोंडाशी एका गुरुवारी वहिनी आल्या. छातीशी ते पुस्तक धरलेलं. ग्रंथालयातून आपल्या नावावर काढून आणलं होतं. लक्ष्मीचं कव्हर नव्हतं, पाठमोरी बाई तशीच उघडी. त्या आत्याबाईंच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, “वाचलं मी.”

“सारं?” आत्याबाईंनी विचारलं.

“हौ. बोट ठेवून ठेवून. शाळा तेलुगू माझी, मला कुठं येतं पटापट? पण वाचलं शेवटपर्यंत. मेली ती.”

आत्याबाईंनी मान खाली घातली. “माझी चूक झाली गं बाई. मी तुला खरं—”

“तुमची कामून?” वहिनींनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. आवाज चढला होता. “चुकलं त्याचं. त्यानं कुणाला विचारलं का? आमचे हे गेले. मी मेले का? सकाळी उठते, दूध आणते, पाणी भरते, रडू येतं, मग उगी राहते. त्यातलं काय लिहिलंय त्यानं? नदीत सोडली की झालं पुस्तक, त्याला काय! तुम्ही सांगितलं तेच खरं आहे. ती परत येते. मला माहीत आहे ना.”

आत्याबाईंनी पुस्तक हातात घेतलं, पण उघडलं नाही, बाजूला ठेवलं. चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. एवढ्या राण्या मेल्या, त्यांनी एकीसाठी टिपूस गाळलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, “हौ, परत येते. पण मला तिथंवरच येत होतं गं. जेवण झाल्यावर काय करते ती, ते मला माहीत नाही. तू सांग.”

“मी?”

“हौ, तू. मी ऐकते.”

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. बायका सरकून बसल्या. त्या अडखळत, शब्द शोधत, मध्येच एखादा तेलुगू शब्द घालत सांगू लागल्या. जेवण झाल्यावर राणीशी वाड्यात कुणी बोलत नाही. ती ओले केस सोडून परसात बसते, आणि आता उद्याचं काय, हे तिला काही केल्या सुचत नाही. कथा चांगली होती की वाईट, ते मला सांगता येणार नाही, कारण माझं लक्ष आत्याबाईंकडे होतं. आयुष्यभर ही बाई दुसऱ्यांना गोष्टी सांगत आली, शाळेत, घरात, चौरंगापाशी. तिला बसवून गोष्ट सांगावी असं आमच्यापैकी कुणालाच कधी वाटलं नव्हतं. हे ध्यानात आलं आणि मला फार वाईट वाटलं. त्या दोन्ही हात मांडीत ठेवून, किंचित तोंड उघडं टाकून ऐकत होत्या, आणि वहिनी जरा थांबल्या की लहान मुलीच्या घाईनं विचारत होत्या, “मग गं? मग?”